काट्याची केबिन ते ऑफिस: इनपुट सिंगल-एंडेड घ्यायचा की डिफरन्शियल?

डिप्लोमा करून माझ्याकडं कामाला लागलेली पोरं रिसीव्हरचं, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाचणाऱ्या कार्डाचं, सर्किट काढायला बसली की हमखास विचारतात, "ताई, इनपुट सिंगल-एंडेड घेऊ का डिफरन्शियल?" म्हणजे एका तारेचं व्होल्टेज ग्राउंडपासून मोजायचं, की दोन तारांमधला फरक मोजायचा? मी सांगते, कागद बाजूला ठेव, मीटर घे. सिग्नल जिथून निघतो तिथलं ग्राउंड आणि जिथं पोचतो तिथलं ग्राउंड, यांच्यात किती व्होल्ट आहेत ते बघून ये. निम्म्या कामांचा निकाल तिथंच लागतो.

कुपवाड एमआयडीसीत माझं दुरुस्तीचं छोटं युनिट आहे. वजनकाट्यांची जोडकार्डं, तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शीतगृहांची टेंपरेचर कार्डं, नदीकाठच्या पंपांचे लेव्हल सेन्सर, असली कामं. म्हणून पुढचं सगळं त्याच मापाचं आहे: काही मायक्रोव्होल्टपासून दहा व्होल्टपर्यंतचे सिग्नल, दोन फुटांपासून दोनशे मीटरपर्यंतच्या केबली, आणि शेजारी सदानकदा कुठली तरी मोटर चालू. रेडिओ किंवा हायस्पीड डेटावाल्यांचे हिशोब वेगळे.

तर आधी मोजमाप. एका टोकाच्या ग्राउंडला लांब वायर बांधायची, ती दुसऱ्या टोकाला आणायची आणि तिथल्या ग्राउंडपासून मोजायचं. पहिल्यांदा एसीवर, मग डीसीवर. वीस व्होल्टच्या वर काही दिसलं तर पुढं काही जोडायचं नाही, वायरमनला बोलवायचं. तो अर्थिंगचा दोष आहे, रिसीव्हरचा नव्हे. आकडा त्याखाली असेल तर मीटरच्या दोन्ही टोकांना १ किलोओहमचा, निदान अर्ध्या वॉटचा रेझिस्टर समांतर लावून परत बघायचं. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगओहमचा असतो, त्याला शेजारच्या केबलमधून नुसतं चिकटलेलं व्होल्टेजही खरं वाटतं. रेझिस्टर लावल्यावर आकडा झोपला तर तो पोकळ होता. टिकला तर तो तुमच्या सिग्नलच्या मानगुटीवर बसणार हे धरून चालायचं.

हे मोजमाप सगळं बंद असताना घेऊन काही उपयोग नाही. कारखान्यात गव्हाण चालू पाहिजे, शीतगृहात कॉम्प्रेसर ओढत असला पाहिजे, शेडमध्ये वेल्डिंग चालू असेल तर उत्तमच. आणि जमलं तर एप्रिल-मेमध्ये घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे वाळून कोरडे ठक्क होतात, पावसाळ्यात गुण्यागोविंदानं चालणारी जोडणी तेव्हा उघडी पडते.

आता सिंगल-एंडेड म्हणजे काय होतं ते बघा. सिग्नलची एक तार, परतीला ग्राउंड. रिसीव्हर स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो आणि सेन्सरचं ग्राउंडही तिथंच आहे असं गृहीत धरतो. गृहीत धरतो, एवढंच. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण १८ मिलिओहम. म्हणजे १०० मीटरला १.८ ओहम. सेन्सरचा सप्लाय ५० मिलिअँपिअर असेल आणि तोही त्याच परतीच्या तारेतून येत असेल, तर त्या तारेत ९० मिलिव्होल्ट पडले. हे ९० मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळले, आणि रिसीव्हरला त्याचा पत्ता नाही.

यानं किती बिघडतं? पाच मीटर खोल टाकीसाठी ० ते १० व्होल्टचा लेव्हल सेन्सर असेल तर साडेचार सेंटिमीटरचा फरक. पंप चालू-बंद करायला तेवढ्यानं काही अडत नाही, खुशाल सिंगल-एंडेड ठेवा. तेच ९० मिलिव्होल्ट एलएम३५ या तापमान सेन्सरच्या सिग्नलवर आले तर? तो अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे तापमानात ९ अंशांचा फरक. बेदाणेवाला तुम्हाला दारात उभं करणार नाही. म्हणून "किती लांब केबलला डिफरन्शियल लागतो" या प्रश्नाला "इतके मीटर" असं उत्तर नसतं. ग्राउंडमधला फरक आणि तुम्हाला ओळखायची असलेली सिग्नलची सगळ्यात बारीक पायरी, या दोघांची गाठ घालायची. फरक पायरीच्या पावपटीत बसत असेल तर मी डिफरन्शियलच्या फंदात पडत नाही.

डिफरन्शियल इनपुट दोन तारा घेतो आणि त्यांच्यातला फरक तेवढा मोजतो. दोन्हीवर सारखं जे काही आलं ते वजाबाकीत जातं. उसाची ट्रॉली भरून काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते, भरल्या वजनातून रिकामं वजा केलं की निव्वळ ऊस उरतो, तसंच. पण दोन्ही वजनं एकाच काट्यावर झाली तरच हिशोब खरा, ही अट ट्रॉलीला आहे तशीच तारांनाही आहे. आणि नेमकी तीच लोक विसरतात.

काट्याचंच उदाहरण खोलात घेऊ, कारण डिफरन्शियलशिवाय जिथं पानच हलत नाही अशी ही जागा. समजा ५० टनांचा वेब्रिज (गाड्या तोलायचा काटा) आहे, खाली ३० टनांचे सहा लोडसेल, म्हणजे भाराचं व्होल्टेज करणारे सेन्सर. सेलची संवेदनशीलता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, एक्सायटेशन, म्हणजे सेलला दिलेला सप्लाय, १० व्होल्ट. सहाही सेल समांतर जोडलेले, म्हणून १८० टनांना २० मिलिव्होल्ट. ५० टनांना साडेपाच मिलिव्होल्ट. काट्याचा एक टप्पा १० किलोचा, म्हणजे ५० टनांत ५००० टप्पे. भागाकार करा: एका टप्प्याला सुमारे १.१ मायक्रोव्होल्ट. आणि हा मायक्रोव्होल्ट कुठं बसलेला असतो? सिग्नलच्या दोन्ही तारा ग्राउंडपासून ५ व्होल्टवर असतात, कारण ब्रिजचा (सेलमधल्या चार रेझिस्टरांच्या जोडणीचा) मध्य एक्सायटेशनच्या निम्म्यावर येतो. पाच व्होल्टच्या डोक्यावर बसलेला मायक्रोव्होल्ट एका तारेनं मोजायचा म्हणजे वेडेपणा. त्यात आपल्याकडं काटामारीचा संशय शेतकऱ्याच्या मनात कायमचा. आकडा १० किलोनं नुसता नाचला तरी केबिनबाहेर आवाज चढतो. तिथं "सर, तो नॉइज आहे" सांगून बघा.

एक सूचना इथंच. व्यापारी वजनकाट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या पेटीला) वैधमापन खात्याचं सील असतं. परवानाधारक दुरुस्तीवाला नसाल तर त्याला हात लावायचा नाही, आणि दुरुस्तीनंतर फेरपडताळणी लागते. खाली सांगते ते तुमच्या स्वतःच्या कार्डांसाठी, प्रयोगासाठी आणि सीलबाहेरच्या जोडण्यांसाठी.

चार तारांच्या लोडसेलवर रंगांचा भरवसा धरू नका, कंपनीगणिक बदलतात. सेल सुटा करून ओहमवर सहाही जोड्या मोजा. ३५० ओहमच्या सेलला एक जोडी नेमकी ३५० च्या आसपास येते, ती सिग्नलची. दुसरी एक जोडी त्याहून थोडी जास्त दाखवते, बहुतेक ३८० ते ४१० च्या दरम्यान, ती एक्सायटेशनची. उरलेल्या चार जोड्या बऱ्याच कमी येतात. प्लस-मायनस उलटं झालं तर घाबरायचं कारण नाही: सेलवर हातानं भार द्या, आकडा खाली गेला तर सिग्नलच्या दोन तारा अदलाबदल करा.

पोरं कॉलेजातून एक सर्किट पाठ करून येतात: एक ऑपअँप, चार रेझिस्टर, झाला डिफरन्शियल अँप्लिफायर. कागदावर झाला. बाजारातले १ टक्क्याचे रेझिस्टर घेतले आणि गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) एक ठेवला, तर वाईटात वाईट परिस्थितीत दोन्ही तारांवरच्या सारख्या व्होल्टेजचा पन्नासावा भाग बाहेर गळतो. डेसिबलमध्ये ३४. गेन १०० केलात तर इनपुटाच्या भाषेत अडीच हजारावा भाग. ५ व्होल्टांचे २ मिलिव्होल्ट. आपले ५० टन म्हणजे साडेपाच मिलिव्होल्ट, हे आठवा. तुम्ही म्हणाल, ते २ मिलिव्होल्ट स्थिर आहेत, शून्य दाबलं की गेले. स्थिर भाग जाईल. पण एक्सायटेशनमध्ये रिपल (व्होल्टेजचा बारीक चढउतार) आला, किंवा दुपारी पत्र्याखालची पेटी तापून चारांतला एक रेझिस्टर जरा सरकला, की शून्यही सरकणार. शिवाय त्या रेझिस्टरांचा भार ब्रिजवर पडतो, तोही दोन्ही बाजूंना सारखा नाही.

म्हणून तिथं सरळ इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर घ्या. आयएनए१२८ किंवा एडी६२०, गेन एकाच रेझिस्टरनं ठरतो: पहिल्याला ५० किलोओहम भागिले तो रेझिस्टर, अधिक एक, दुसऱ्याला ५० च्या जागी ४९.४. आतले रेझिस्टर लेझरनं जुळवलेले, म्हणून गेन १०० ला सारख्या व्होल्टेजची गळती लाखात एक भागाहूनही कमी होते. शिकाऊ कामाला एचएक्स७११ सगळ्यात सोपा, तो सिग्नल वाढवून थेट आकड्यात देतो: गेन १२८ ला त्याचा पल्ला बरोबर अधिक-उणे २० मिलिव्होल्ट, २४ बिट, सेकंदाला १० किंवा ८० वाचनं. मी १० वरच ठेवते. ट्रॅक्टर काट्यावर चढून स्थिरावायला तसाही वेळ लागतो.

आता ती विसरली जाणारी अट. डिफरन्शियल चालायला एका तारेवर अधिक आणि दुसरीवर तेवढाच उणे सिग्नल पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत. नाही. दुसऱ्या तारेवर सिग्नल शून्य असला तरी चालतं. सारखा पाहिजे तो दोन्ही तारांचा ग्राउंडकडचा रोध. बाहेरची ५० हर्ट्झची भानगड दोन्ही तारांवर सारखी उमटली तरच वजाबाकीत जाते, आणि ती सारखी उमटायला दोन्ही तारांना सारखीच परिस्थिती लागते. केबलची धारिता (कपॅसिटन्स) दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर १०० मीटरला १० नॅनोफॅरड. ५० हर्ट्झला तिचा रोध सुमारे ३१८ किलोओहम. एका तारेत गंजलेल्या कनेक्टरमुळं १ किलोओहम जास्तीचा आला, की सारख्या व्होल्टेजचा ३१८ वा भाग फरक बनून आत घुसला. तुमचा आयसी लाखात एकचा असो नाहीतर कोटीत एकचा. महागडा आयसी लावून शेवटी पितळी स्क्रू सैल ठेवणारे मी खूप बघितलेत.

याचाच फायदाही घेता येतो. सेन्सर साधा सिंगल-एंडेड आहे, त्याच्या आउटपुटमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आहे. मग सेन्सरच्याच टोकाला दुसरी तार आणखी एका १०० ओहममधून सेन्सरच्या ग्राउंडला बांधा. दोन्ही तारा पिळून आणा आणि रिसीव्हरला डिफरन्शियल इनपुट द्या. सप्लायची परतीची तार वेगळी. सेन्सर तोच राहिला, जोडणी बॅलन्स झाली. पाच पैशांचा रेझिस्टर आहे. सेन्सर बदलायला सांगणाऱ्या विक्रेत्याच्या आधी हे करून बघा.

इनपुटाला फिल्टर लावताना हीच गोष्ट पुन्हा आडवी येते. दोन्ही तारांत ४ किलोओहमच्या आसपास रेझिस्टर, दोन तारांच्या मध्ये ४७ नॅनोफॅरड, आणि प्रत्येक तारेपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. सिग्नल सुमारे ४०० हर्ट्झपर्यंत जातो, वॉकीटॉकी आणि मोबाइलची कटकट बाहेर राहते. मधला कपॅसिटर ग्राउंडच्या कपॅसिटरच्या दहापट तरी मोठा ठेवायचा, कारण ग्राउंडकडचे दोन कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि त्यांची तफावत मधला मोठा कपॅसिटर झाकून टाकतो. मध्ये काहीच न लावता ग्राउंडला शंभर-शंभर नॅनोफॅरडचे सिरॅमिक ठोकलेलं कार्ड आलं की ते मी आधी उपटते.

आणि इनपुट हवेत सोडू नका. थर्मोकपलला (दोन धातूंच्या जोडाच्या तापमान सेन्सरला) ग्राउंडशी काही नातं नसतं. तो नुसता इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरच्या दोन पायांना जोडला, तर आयसीच्या बायस करंटला (त्याच्या इनपुट पायांतून वाहणाऱ्या बारीक करंटला) परतायला वाट नाही. आउटपुट हळूहळू सरकत एका सप्लायला जाऊन चिकटतो. एका तारेपासून ग्राउंडला (एकाच सप्लायवरचं कार्ड असेल तर सप्लायच्या मध्यबिंदूला) १ मेगओहम जोडा, झालं.

एडीएस१११५ ही व्होल्टेजचे आकडे करणारी चिप वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. त्याच्या चार पायांतून चार सिंगल-एंडेड किंवा दोन डिफरन्शियल इनपुट मिळतात, डिफरन्शियलला उणे आकडेही येतात. पण उणे आकडा येतो म्हणजे पाय ग्राउंडखाली नेता येतो असं नव्हे. कुठलाही पाय ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली किंवा सप्लायच्या तेवढाच वर गेला की चिप बिघडायला मोकळी. पल्ला ६.१४४ व्होल्टवर ठेवला म्हणून ५ व्होल्टच्या सप्लायवर ६ व्होल्ट मोजता येत नाहीत. लांबच्या एलएम३५ चं ग्राउंड दुसऱ्या पायाला आणून फरक घ्यायची युक्ती चांगली आहे. सुरुवातीला घेतलेलं ग्राउंडचं माप ०.३ च्या आत असेल तरच. त्या एलएम३५ च्या आउटपुटला सेन्सरपाशीच २ किलोओहम सिरीजमध्ये घाला, नाहीतर केबलच्या धारितेनं तो थरथरायला लागतो. जोडीच्या तारेतही तेवढाच घाला, कारण वर सांगितलंच आहे.

४ ते २० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरला हा सगळा खटाटोप सहसा लागत नाही. तारेत करंट तोच राहतो, तार लांब असो की आखूड, सप्लाय पुरेसा असला म्हणजे झालं. रिसीव्हरपाशी २५० ओहमवर १ ते ५ व्होल्ट घ्या, सिंगल-एंडेड मोजा.

राहिली केबिन ते ऑफिस ही लाइन. इंडिकेटरमधून वजनाचा आकडा कॉम्प्युटरकडं आरएस-२३२ नं निघतो, ते सिंगल-एंडेड. रिसीव्हर ३ व्होल्टच्या वर आणि उणे ३ च्या खाली बघतो, पाठवणारा ५ ते १५ व्होल्ट देतो. एकाच टेबलावरच्या कॉम्प्युटरला पुरतं, १५ मीटरपर्यंत साधारण चिंता नाही. अंगण ओलांडून पलीकडच्या इमारतीत न्यायचं असेल तर आरएस-४८५, ते डिफरन्शियल. तिथं रिसीव्हरला नुसता २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो आणि कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत केबल जाते.

फक्त "दोन तारांवर चालतं" म्हणून दोनच तारा ओढू नका. रिसीव्हरचे दोन्ही पाय त्याच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टमध्ये राहिले पाहिजेत. पाठवणारा ० ते ५ मध्ये असतो, म्हणजे दोन ग्राउंडमध्ये ७ व्होल्टांचीच मुभा. एका ठेकेदारानं दोन तारांवर बसवलेली लाइन माझ्याकडं दर वळवाच्या पावसानंतर यायची, आतले मॅक्स४८५ (आरएस-४८५ चे आयसी) फुटलेले. तिसरी तार १०० ओहममधून दोन्ही ग्राउंडला जोडली, एक टोक आयसोलेटेड केलं, लाइनवर एसएम७१२ लावला. हा सप्रेसर मुळात उणे ७, अधिक १२ या असमान पट्ट्यासाठीच बनवलेला आहे. नंतर ती पेटी आली ती उंदरांनी केबल कुरतडल्यावर.

१२० ओहमचे टर्मिनेटर (दोन तारांमध्ये लावायचे रेझिस्टर) फक्त लाइनच्या दोन टोकांना. सप्लाय बंद करून दोन तारांमध्ये मोजा, ६० च्या आसपास आलं पाहिजे. ३० आलं तर कुणीतरी मधल्या कार्डांवरचे जंपरही लावून ठेवलेत. लाइन गप्प असताना कचरा अक्षरं येत असतील तर एका जागी ५६० ओहमचा एक रेझिस्टर ५ व्होल्टला, एक ग्राउंडला. ६० ओहमवर २५० मिलिव्होल्ट मिळतात, उंबरठ्याच्या वर. ए आणि बी या अक्षरांवर भांडू नका, कंपन्यांचं त्यावर एकमत नाही. गप्प लाइनवर जी तार जास्त पॉझिटिव्ह ती दोन्हीकडं एकाच नावाची धरा.

काम झाल्यावर बॅलन्स तपासायची माझी पद्धत अशी. सेन्सर सोडायचा. त्याच्या जागी दोन्ही तारांत सेन्सरच्या बाजूइतके सारखे रेझिस्टर घालायचे, ३५० ओहमच्या ब्रिजला प्रत्येकी १७५ आणि सहा सेल समांतर असतील तर त्याच्या सहाव्या भागाचे, आणि त्यांची पुढची टोकं एकत्र बांधायची. छोट्या ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवरून पॉटेन्शिओमीटरनं १ व्होल्ट काढून तो त्या गाठीवर रिसीव्हरच्या ग्राउंडपासून द्यायचा. एकाच सप्लायवरचं कार्ड असेल तर दोन समान रेझिस्टरांनी सप्लायचा मध्यबिंदू काढून त्यापासून. आउटपुटवर ५० हर्ट्झ किती दिसतंय ते स्कोपवर बघा, गेननं भागा. एका व्होल्टमागं शेपन्नास मायक्रोव्होल्ट असेल तर काट्याला ठीक. मिलिव्होल्टमध्ये आकडा आला तर आयसीला शिव्या देऊ नका. स्कोप मेन्सवर ट्रिगर करून दोन तारा रिसीव्हरपाशी अदलाबदल करा आणि परत बघा. लाट उलटी झाली तर दोष केबल नाहीतर कनेक्टरमध्ये आहे. जशीच्या तशी राहिली तर कार्डावरचे दोन १ नॅनोफॅरड काढून मीटरवर शेजारी शेजारी मोजा.